कुंडीत जव येतील का, आणि म्हशीला किती घालायचे?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही गोरेगावला राहतो. बाबांना शुगर आहे म्हणून वाण्याकडून जव आणले, पांढरे गुळगुळीत आहेत, रोज शिजवून देतोय, पोळीला पीठ करू का? गच्चीत कुंडीत पेरले तर येतील का? आणि मामांचा आरेत तबेला आहे, ते म्हणतात म्हशींना पण घालू, चालेल का?

उत्तर : तुम्ही आणलेत ते पर्ल बार्ली. मशीनवर घासून वरचं टरफल आणि बराचसा कोंडा काढलेला असतो, त्यामुळे हे पेरून उगवणारच नाहीत, उगाच माती-खत वाया घालवू नका. खायला मात्र टाकाऊ नाहीत हां, कारण शुगर हळू चढू देणारं बीटा ग्लुकन, म्हणजे एक प्रकारचा विरघळणारा तंतू, दाण्याच्या आतही असतं. तरी पुढच्या वेळी अख्खे, कोंड्यासकट जव मागा. नुसत्या जवाची पोळी लाटताना चिरते, म्हणून अर्धे गहू घाला. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि घरात कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर त्याला जव अजिबात नको.

कुंडीचं म्हणाल तर हे रब्बीचं, थंडीचं पीक, राजस्थान-यूपीत नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये काढतात, गव्हापेक्षा पाणी कमी लागतं आणि खारी जमीनही बऱ्यापैकी सोसतं. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापतं, दाणा भरायच्या आधीच सुकतो. त्यापेक्षा डिसेंबरात टरफलासकट जव रात्रभर भिजवून भोकं असलेल्या ट्रेमध्ये पसरा, आठेक दिवसांत वीतभर हिरवा चारा होतो, तोच मामांना द्या. फक्त बुरशीचा वास आला किंवा मुळांवर काळं-पांढरं दिसलं तर सगळा ट्रे फेकायचा, म्हशीपुढे टाकायचा नाही. आणि औषध लावलेलं बियाणं यासाठी कधीच वापरू नका!

राजस्थान-यूपीकडे काही शेतकरी दुहेरी जव लावतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी एकदा हिरवा चारा कापतात, मग पाणी आणि युरिया दिला की तेच पीक पुन्हा फुटतं आणि दाणाही मिळतो. मला ही पद्धत फार आवडते.

म्हशींना अख्खा दाणा घातला तर बराचसा शेणातून तसाच बाहेर पडतो, म्हणून जाडसर भरडा करायचा. पीठ नको, बारीक दळलेला स्टार्च पोटात झटकन आंबतो, आम्ल वाढतं, म्हैस रवंथ सोडते. सुरुवात एका म्हशीला दिवसाला अर्ध्या किलोपासून, कडबा आणि पेंड चालू ठेवून, आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. शेण पातळ झालं की लगेच कमी करा.