संशोधनवृत्ती की नीट-पीजी?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी संशोधनवृत्तीसाठी अर्ज करावा का? त्यातून शोधनिबंध छापून येतो का? – एक पालक, सांगली

उत्तर : अवश्य करावा. 1979 पासूनच्या या दोन महिन्यांच्या योजनेत अहवाल मंजूर झाल्यावर विद्यावेतन मिळते. निबंध मात्र स्वतंत्रपणे लिहून नियतकालिकाकडे पाठवावा लागतो. पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर ठरत असल्यामुळे अनेक मुले अहवाल देऊन थांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी मिळवताना आणि रुग्णाला संमतिपत्र मराठीतून समजावून सांगताना जी दृष्टी येते, ती पुढे अध्यापनाकडे किंवा संशोधनाकडे वळताना उपयोगी पडते. लेखकांचा क्रम मार्गदर्शकांशी आधीच ठरवून घ्यावा आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये.