मोबाइलच्या अतिवापराने विद्यापीठातील विद्यार्थ्यांची झोप बिघडते का, आणि मानसिक खंबीरपणाचा त्याच्याशी काय संबंध?

बिघडते, पण सारा दोष पडद्याच्या प्रकाशाचा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, बॉस्टनमधील एका प्रयोगात १२ तरुणांना सलग ५ रात्री झोपण्यापूर्वी सुमारे ४ तास टॅबलेटवर वाचायला दिले, तेव्हा मेलाटोनिन (शरीराला झोपेची वेळ कळवणारे संप्रेरक) स्रवण्याची वेळ सुमारे दीड तास पुढे गेली खरी, मात्र छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सरासरी १० मिनिटांच्या आसपासच उशीर झाला. वसतिगृहातील जागरणामागे माझ्या मते परीक्षेची किंवा नोकरीची धास्ती विसरण्यासाठी हाती घेतलेला फोन अधिक असतो. ताणातून सावरण्याची क्षमता, म्हणजेच मानसिक खंबीरपणा, ज्याची कमी, तो फोनकडे लवकर वळत असावा, आणि अपुऱ्या झोपेने तीच क्षमता आणखी क्षीण होत असावी. अर्थात, या विषयावरचे बहुतेक अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर बेतलेले असल्याने त्यांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही. फोन रात्री पलंगापासून दूर चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ वापरावे. एवढे करूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोपेची तक्रार ३ महिने टिकली, तर तो दीर्घकालीन निद्रानाश असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांनाच भेटावे.