युनिफाइड कम्युनिकेशनमधली नोकरी: मुलीने घ्यावी का?

प्रश्न: माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका सिस्टिम इंटिग्रेटर कंपनीत ‘यूसी (युनिफाइड कम्युनिकेशन) इंजिनिअर’ म्हणून तिची निवड झाली आहे. रुजू व्हायला सहा महिने आहेत. कंपन्यांना फोन, व्हिडिओ मीटिंग, चॅट बसवून द्यायचं काम आहे म्हणे. हे पूर्वी ऑफिसात टेलिफोन एक्स्चेंज बसवणाऱ्या ईपीएबीएक्सवाल्यासारखंच झालं ना? सगळं क्लाउडवर गेल्यावर हे काम उरेल का, की तिने सरळ कोडिंगचा कोर्स करावा? वेळी-अवेळी बाहेर जावं लागेल का, हीही काळजी आहे.
– एक वडील, इचलकरंजी

नमस्कार.

तुमच्या मुलीने ही नोकरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हे सहा महिने तिने कोडिंगच्या महागड्या कोर्सला न देता नेटवर्किंग आणि कॉलचं तंत्र शिकण्याला द्यावेत. कंपन्या ही यंत्रणा कशी बसवतात आणि ती कुठे अडते हे पाहिलं, की असं का म्हणतो ते लक्षात येईल.

समजा, चाकणला कारखाना, पुण्यात मुख्य कार्यालय, मुंबईत विक्री विभाग आणि कोल्हापूरला डेपो अशी एक मध्यम कंपनी आहे. चारही ठिकाणी वेगवेगळं ईपीएबीएक्स. पुण्यात टेलिफोन कंपनीची एक पीआरआय लाइन, म्हणजे एका वेळी ३० कॉल. मीटिंगला एक ॲप, फायलींना ईमेल आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या मोबाइलमधलं गिऱ्हाइकांशी झालेलं बोलणंही त्याच्याबरोबर जातं. अशा वेळी कंपनी टीम्स, वेबेक्स किंवा झूमसारखं एक व्यासपीठ घ्यायचं ठरवते, ज्यात एक्स्टेंशन, मीटिंग, चॅट आणि फायली एकत्र येतात. लायसन्स विकत घ्यायला एक दिवस पुरतो. ते नीट चालू करायला कित्येक आठवडे लागतात, आणि तुमच्या मुलीचं काम तिथेच आहे.

पहिलं काम मोजदादीचं. कुठे किती एक्स्टेंशन, कोणता नंबर कुठे वाजतो, कोण उचलत नसेल तर कॉल पुढे कुणाकडे जातो, हे सगळं कागदावर आणायचं. यात हमखास राहून जातात त्या ॲनालॉग लाइन: लिफ्टमधला फोन, गेटवरचा सिक्युरिटीचा इंटरकॉम, वजनकाट्याची केबिन, फायर अलार्मचा डायलर, अकाउंट्समधलं जुनं फॅक्स. यांना आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा फोन) लावून भागत नाही, ॲनालॉग गेटवे किंवा ॲडॅप्टर लागतो. मोजदाद अर्धवट झाली, तर बदल झाल्यावरच्या सोमवारी सकाळी गेटवरचा फोन मुका असतो आणि बाहेर ट्रकची रांग लागलेली असते.

मग वीज. जुनं ईपीएबीएक्स स्वतःच्या बॅटरीवर चालायचं आणि टेबलावरच्या साध्या फोनला लाइनमधूनच करंट मिळायचा. आयपी फोनला वीज नेटवर्क स्विचमधून मिळते. त्या स्विचला यूपीएस नसेल, तर लाइट गेल्याबरोबर अख्ख्या मजल्याचे फोन बंद. हिशेबही नीट करावा लागतो. २४ पोर्टच्या स्विचचं पीओई बजेट, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून देता येणारी एकूण वीज, ३७० वॅट असेल, तर सगळे पोर्ट भरल्यावर वाट्याला साधारण १५.४ वॅट येतात. साध्या फोनला ते भरपूर झाले. पण त्यातल्या आठ पोर्टवर प्रत्येकी २५ वॅट खाणारे वायफाय ॲक्सेस पॉइंट लावले, की २०० वॅट तिथेच संपले. खर्च वाचवायला कमी बजेटचा स्विच घेतलेला असेल तर काही फोन मधूनच रीस्टार्ट होतात आणि दोष मात्र फोनच्या ब्रँडला दिला जातो.

नेटवर्कचं गणित तर शिकायलाच हवं. जी.७११ या कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटवर एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो. ३० कॉल म्हणजे जेमतेम २.६ एमबीपीएस. त्यामुळे ‘आमची १०० एमबीपीएसची लाइन आहे, मग आवाज तुटतो कसा’ हा प्रश्न गिऱ्हाईक हटकून विचारतं. रुंदी पुरेशी असली तरी पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, वेळेवर पोचत नाहीत, हे त्याचं उत्तर. संध्याकाळी ईआरपीचा बॅकअप किंवा सीसीटीव्हीचं अपलोड सुरू झालं, की आवाजाची पॅकेट त्या रांगेत अडकतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट लॉस (हरवणारी पॅकेट) एक टक्क्याच्या आत ठेवायचा, असा या धंद्यातला अंदाज आहे. त्यासाठी आवाजाला वेगळं व्हीएलएएन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, द्यायचं, त्याच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ चा, म्हणजे ‘हे आधी सोडा’ असा, शिक्का मारायचा आणि स्विचपासून राउटरपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याला पहिली रांग द्यायची. मधल्या एका स्विचनेही तो शिक्का पुसला तर पुढची मेहनत वाया जाते. इंटरनेटवर गेल्यावर हा शिक्का कुणी पाळत नाही, म्हणून निदान बाहेर जाणाऱ्या लिंकच्या तोंडाशी बॅकअपचा वेग बांधून ठेवावा लागतो.

आता खास आपल्याकडची गोष्ट. मुंबईच्या टेबलावरून लावलेला कॉल कंपनीच्या खासगी नेटवर्कवरून पुण्यात आणायचा आणि पुण्याच्या पीआरआयमधून बाहेर काढायचा, हे तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. पण भारतात त्याला टोल बायपास म्हणतात आणि ते नियमात बसत नाही. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी टेलिकॉम सर्कल आहेत, हे इथे महत्त्वाचं ठरतं. म्हणूनच सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग आणि टीम्समध्ये लोकेशन-बेस्ड राउटिंग अशा, हा मार्ग अडवणाऱ्या सोयी आहेत. परदेशातल्या मुख्यालयाने तयार करून पाठवलेलं डिझाइन भारतात जसंच्या तसं चालत नाही, ते याचमुळे. झूमने आपली फोन सेवा २०२४ मध्ये भारतात आणली तीही पुण्यापासून, म्हणजे महाराष्ट्र सर्कलपासून. आणखी एक: आपल्याकडे मोबाइलचा नंबर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाइनचा नाही. तेव्हा सेवा देणारी कंपनी बदलली तर वीस वर्षं लेटरहेडवर छापलेला नंबर बदलू शकतो. अशा वेळी जुनी लाइन काही महिने चालू ठेवून तिच्यावरचे कॉल नव्या नंबरवर वळवतात. हे गिऱ्हाइकाला करार होण्याआधी सांगणारा इंजिनिअर त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

क्लाउडवर गेल्यावर काम उरेल का? नवा यूजर बनवणं, पासवर्ड बदलून देणं, मीटिंगची लिंक चालत नाही म्हणून फोन घेणं, हे काम कमी होत जाणार. पण मोजदाद, वीज, नेटवर्क आणि नियम यांचं वर सांगितलेलं एकही काम क्लाउड करत नाही. उलट क्लाउड आणि टेलिफोन कंपनी यांच्यामध्ये आता एसबीसी, म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर, बसतो आणि बरेच बिघाड त्याच सांध्यावर सापडतात. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, हा त्यातला नेहमीचा. एसआयपी या कॉल जोडण्याच्या भाषेतल्या इन्व्हाइट (कॉलचं आमंत्रण) निरोपात ‘आवाज या पत्त्यावर पाठवा’ अशी एक ओळ असते. तिथे बाहेरच्या पत्त्याऐवजी १९२.१६८.१.१० असा आतला पत्ता गेला, की समोरच्याची पॅकेट भलतीकडे जातात. बरेचदा राउटरमधलं एसआयपी एएलजी हे पत्ते बदलणारं फीचर मदत करायला जाऊन हाच पत्ता बिघडवतं, म्हणून ते बंद ठेवतात. हा निरोप उघडून वाचता येणारी मुलगी पहिल्याच वर्षी टीममध्ये उठून दिसेल.

यासाठी घरी प्रयोगशाळा उभी करायला फारसा खर्च नाही. पहिले दोन-अडीच महिने सीसीएनएच्या (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची पायाभूत परीक्षा) पातळीचं नेटवर्किंग: व्हीएलएएन, डीएचसीपी, डीएनएस, नॅट, क्यूओएस. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं आणि त्यात २८११ राउटरवर आयपी फोनही जोडून पाहता येतात. त्यानंतर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ॲस्टेरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवावं, घरातल्या दोन मोबाइलवर लिनफोन हे कॉलिंग ॲप टाकून त्यांना एक्स्टेंशन द्यावं आणि त्या लॅपटॉपवर, म्हणजे सर्व्हरवर, वायरशार्क (नेटवर्कवरचे निरोप टिपणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून कॉल लावावा. टेलिफोनीच्या मेनूतून व्हीओआयपी कॉल्स उघडले, की इन्व्हाइट, १०० ट्राइंग, १८० रिंगिंग, २०० ओके, अॅक आणि शेवटी बाय हा सगळा संवाद ओळीने दिसतो. मग मुद्दाम बिघाड करावेत. पासवर्ड चुकवला की ४०१ (ओळख पटली नाही) पुन्हा पुन्हा येतो. फोनवर फक्त ओपस कोडेक आणि सर्व्हरवर फक्त जी.७११ ठेवलं की ४८८ येतो, कारण दोघांना समजेल असा कोडेकच उरत नाही. असे दहा-पंधरा बिघाड, त्यांची कारणं आणि उपाय तिने वहीत लिहून ठेवावेत. कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा ही वही मुलाखतीत जास्त कामाला येते.

शेवटचा महिना-दीड महिना मायक्रोसॉफ्ट लर्नवर टीम्सचं प्रशासन आणि थोडं पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट लिहायची भाषा) वाचावं. कोडिंगची गरज आहे ती एवढी: पाचशे जणांना नंबर द्यायचे असतील तर एकेक क्लिक न करता स्क्रिप्ट लिहिता यावी. परीक्षांमध्ये आत्ता फक्त सीसीएनए द्यावी. तिची फी ३०० डॉलर आणि वर कर आहे, म्हणून सराव पक्का झाल्याशिवाय तारीख घेऊ नये. टीम्स फोनसाठीची एमएस-७२१ किंवा सिस्को कोलॅबोरेशनची ३५०-८०१ नोकरीत शिरल्यावर, कंपनी कोणत्या उत्पादनावर काम देते ते बघून ठरवावी. बऱ्याच कंपन्या ती फी स्वतः भरतात.

माणसांची बाजूही तिने गंभीरपणे घ्यावी. चाचणीसाठी वीस-पंचवीस जण निवडताना नुसते आयटीवाले घेतले की सगळं छान चालतं आणि प्रत्यक्षात फसतं. त्यात रिसेप्शन, डिस्पॅच, अकाउंट्स आणि डायरेक्टरांच्या सेक्रेटरी हव्यातच. ज्या बाई एका बटणात कॉल पुढे द्यायच्या त्यांना आता तीन क्लिक लागत असतील, तर त्या पहिल्याच दिवशी नव्या यंत्रणेला नापास करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. शॉप फ्लोअरवरच्या लोकांना मराठीत, त्यांच्या शिफ्टच्या वेळेत पंधरा मिनिटांत शिकवता येणं ही तुमच्या मुलीची मोठी जमेची बाजू ठरेल. पुण्यातल्या इंग्रजी वातावरणात गेल्यावर तिने ती लपवू नये.

वेळेबद्दल. जुन्या यंत्रणेवरून नव्यावर जाण्याचं काम बहुधा शनिवारी रात्री किंवा रविवारी होतं आणि साइट चाकण, रांजणगावसारख्या ठिकाणी असते. परदेशी गिऱ्हाइकांच्या सपोर्टला रात्रपाळीही असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. ऑफर लेटर हातात आलं की एचआरला ईमेलवरच विचारावं: पहिली नेमणूक इम्प्लिमेंटेशनला आहे की सपोर्टला, रात्रीच्या कामाला कॅब मिळते का, साइटवर एकटीला पाठवतात की सीनिअरबरोबर, बाँड किती महिन्यांचा आणि तो मोडल्यास रक्कम किती. मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या तर देऊ नयेत, पडताळणीसाठी दाखवून परत घ्याव्यात. इम्प्लिमेंटेशन आणि सपोर्ट यांत निवड करायची संधी मिळाली तर पहिली दोन वर्षं इम्प्लिमेंटेशन मागावं.