वाड्यातल्या पेटीत सापडलेला रोमन जलसेतू

प्रश्न : आमच्या वाड्यातील जुन्या पेटीत कमानींच्या लांबलचक रांगेचे, काळ्या शाईतले एक चित्र चौकटीसह सापडले. खाली रोमन लिपीत ‘आक्वा क्लाउदिया’ असे लिहिले आहे. हा पूल असेल तर त्याखाली नदी का नाही? चित्र हाताने काढलेले आहे की छापील? कागदावरचे तपकिरी डाग घरी पुसले तर चालेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नदी दिसत नाही, कारण या पुलावरून माणसे नव्हे, पाणी जात असे. सम्राट कॅलिग्युलाने इ. स. 38 मध्ये सुरू केलेले आणि क्लॉडियसने इ. स. 52 मध्ये पूर्ण केलेले ‘आक्वा क्लाउदिया’ या जलसेतूचे, म्हणजे रोमला पाणी नेणाऱ्या पाटाचे, हे काम सुमारे 69 किलोमीटर लांबीचे होते. त्याचा बहुतेक भाग जमिनीखाली असून, रोमजवळच्या सपाट मैदानात उतार टिकवण्यासाठी पाट कमानींवर उचलावा लागला. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीशी तुलना केली की हे चटकन उमजते. तिथे पाणी मातीच्या बंद नळांतून येते, त्यामुळे ते दाबाने उंच भिंतीवर चढते आणि तिथून खाली पडून चक्की फिरवते. क्लाउदियाचे पाणी मात्र दगडी पाटातून केवळ उताराने वाहत असल्यामुळे त्याला वाटेत खाली उतरून पुन्हा वर चढणे शक्य नव्हते. चित्रात कमान जिथे तुटलेली दाखवली असेल, तिथे भिंग धरून पाहा. एकावर एक अशी दोन पोकळ भोके दिसली, तर खालचे क्लाउदियाचे आणि वरचे ‘आनिओ नोवुस’ या दुसऱ्या पाटाचे. मला स्वतःला अशा चित्रांतली हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

चित्र अम्लरेखनाचे, म्हणजे एचिंगचे, असावे असे वर्णनावरून वाटते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेषा ओढतात, पत्रा आम्लात बुडवतात, उघड्या पडलेल्या रेषा खोल झाल्या की त्यांत शाई भरतात आणि ओलसर कागदावर तो यंत्राने दाबतात. म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब उमटतो आणि तिरप्या उजेडात शाईच्या रेषा किंचित उठून दिसतात. भिंगाखाली रेषांऐवजी ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती छायाचित्रावरून केलेली अलीकडची छपाई समजावी. पिरानेसी (1720–1778) या इटालियन चित्रकाराने रोमच्या अवशेषांची अशी अनेक चित्रे कोरली, पण त्याच्या मृत्यूनंतरही त्याच पत्र्यांवरून दीर्घकाळ प्रती निघत राहिल्या. तेव्हा चित्रावर नाव किंवा साल असले तरी ते पत्र्याचे वय सांगते, तुमच्या हातातील कागदाचे नव्हे. झिजलेल्या पत्र्याच्या प्रतीत गडद सावल्या करड्या आणि सपाट होतात.

डागांना कृपया हात लावू नका. ओला बोळा, ब्लीच, खोडरबर, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी, लॅमिनेशन, यांतले काहीही करू नये; डाग परवडले, पण त्यांच्याबरोबर उडालेला कागद परत येत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि कागदाला कसर लागते, त्यामुळे चित्र बाहेरच्या भिंतीवर अथवा थेट उन्हात टांगू नये. काच आणि कागद यांच्यात आम्लमुक्त पुठ्ठ्याची कड घालून चौकट नव्याने बसवून घ्यावी, आणि डाग काढायचेच असतील तर कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच जावे. चौकट उघडताना मागच्या जुन्या पुठ्ठ्यावर हस्ताक्षर, दुकानाची चिठ्ठी किंवा शिक्का आढळला तर तो टाकू नका. चित्र तुमच्या घरी कोणत्या वाटेने आले, हे त्यावरूनच कळू शकेल.