शाफ्ट वाकतोय म्हणून ईएन ८ (साधं कार्बन स्टील) च्या जागी ईएन २४ (निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम घातलेलं अलॉय स्टील) टाकला तर फरक पडेल का? हाय स्ट्रेंथ अलॉय स्टीलचा नक्की फायदा काय?

लोडखाली वाकण्यात शून्य फरक पडेल. पैसे तेवढे जातील.

भोसरीत मेंटेनन्सला होतो तेव्हा सेम केस झालेली. रोलरचा ४० एमएमचा शाफ्ट लोड आला की मधे दबायचा आणि बेल्ट एका बाजूला पळायचा. साहेब म्हणाले ईएन २४ टाका, काही होत नाही. मी म्हटलं साहेब डाया (व्यास) वाढवू, ते म्हणाले डिप्लोमावाल्यांनी आम्हाला शिकवू नये, तेही सगळ्या पोरांसमोर. झालं, ईएन २४ आला, हार्डनिंग टेम्परिंग (म्हणजे तापवून-थंड करून मजबूत करायची हीट ट्रीटमेंट) करून बसवला, खाली वाक मोजायचा डायल लावला. जुन्या शाफ्टला ०.३५ एमएम दाखवत होता, नव्यालाही काटा तिथेच येऊन थांबला. तर म्हणे मटेरियल डुप्लिकेट आहे! स्वतःच्या खिशातून लॅबला पीस दिला, निकेल १.४ टक्के, म्हणजे अस्सल. रिपोर्ट टेबलावर ठेवला तर त्यावर चहाचा कप ठेवला त्यांनी.

अहो, स्टील साधं घ्या नाहीतर अलॉय, लवचिकतेचा मॉड्युलस, म्हणजे मटेरियल किती ताठ आहे त्याचं माप, २०५-२१० जीपीएच्या आसपासच. निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम टाकून स्ट्रेंथ वाढते, ताठपणा नाही. डाया ४० चा ५० केला की शाफ्ट जवळपास अडीचपट ताठ होतो, कारण तिथे डायाचा चौथा घात लागतो. बेअरिंग आणि हाउसिंग बदलावं लागतं, हे खरं.

आता तुमचा शाफ्ट लोड काढल्यावरही वाकडाच राहत असेल किंवा तुटत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ईएन २४ कामाचा आहे. गिअर, ॲक्सल, जाड सेक्शनचे शाफ्ट यात तो घेतात कारण आतपर्यंत हार्ड होतो. पण ॲनील्ड (मऊ केलेला) बार आणून तसाच लेथवर टर्न करून लावू नका, हीट ट्रीटमेंटशिवाय तो फक्त महाग लोखंड आहे. स्टेपला, म्हणजे जिथे डाया बदलतो तिथे, टर्नरने कोपरा धारदार सोडला तर क्रॅक तिथूनच जाणार, रेडियस द्यायला लावा. वेल्डिंग शक्यतो टाळाच.

आणि काहीही करा, आधी डायल लावून रीडिंगचा फोटो काढा आणि साहेबाला मेलवर पाठवा, तोंडी नको. आमचे साहेब रिटायर झाले, मागे निगडीला एका लग्नात भेटले, पंगतीत शेजारीच बसलेले. जिलबी घेता घेता म्हणतात, तो सप्लायरच चोर होता.