अंगावरचे दूध कमी आहे की नाही, हे आधी बाळाच्या वजनावरून ठरवा

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी: पहिली मुलगी, बेळगावात सिझेरियन, जन्माचे वजन २.८ किलो, चौथ्या दिवशी घरी सोडताना २.६ किलो, आज नववा दिवस. सासर महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात असून सध्या तुम्ही कर्नाटकातील खानापूर तालुक्यात माहेरी आहात. मुलगी सतत रडते, स्तन मऊ लागतात आणि पिळून पाहिले तर चमचाभरही दूध येत नाही. आजी मध आणि घुटी द्यायला सांगतात, सासूबाई फोनवरून डब्याची पावडर सुरू करा म्हणतात आणि तुम्ही विचारता की दूध वाढण्यासाठी काय खावे. या भागातील बाळंतिणींच्या वॉर्डात मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे आणि त्याच आधारावर लिहीत आहे. मात्र मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे माझ्या लिहिण्यापेक्षा वरचे माना.

काय खावे याच्या आधी दूध खरोखर कमी आहे का, हे पाहावे लागेल, कारण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणांवरून ते ठरत नाही. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते, आणि पुष्कळ बाळे संध्याकाळी तर तासाभरात दोन-दोनदा मागतात. दूध उतरताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तनांना येणारी सूज पुढे ओसरते, त्यामुळे ते मऊ लागतात. हाताने पिळून जे निघते त्यावरूनही बाळाला किती मिळते हे समजत नाही, कारण बाळ ओढू लागल्यावर जसा पान्हा फुटतो तसा तो घाईने पिळताना फुटत नाही.

वजन मात्र बरेच काही सांगते. २.८ वरून २.६ किलो म्हणजे सुमारे सात टक्के घट झाली. पहिल्या दिवसांत एवढी घट होऊ शकते. दहा टक्क्यांपर्यंत गेली असती तर मी अधिक काळजीने बोलले असते. त्यानंतर बाळाने रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढावे आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला परत यावे, अशी अपेक्षा असते. या हिशेबाने तुमची मुलगी आज २.७ किलोच्या आसपास असायला हवी. उद्या सकाळीच तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नेऊन सर्व कपडे काढून वजन करा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. दुकानातल्या काट्यावर विसंबू नका. ती २.७ किलो किंवा त्याहून अधिक भरली, तर रडणे कितीही असले तरी दूध तिला पोहोचते आहे. ती २.६ वरच अडकली असेल किंवा त्याखाली गेली असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वजनाच्या जोडीला लघवी मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले भिजायला हवेत आणि शी काळी-हिरवी न राहता पिवळी व पातळ झालेली असायला हवी. तुमच्या भागात पाऊस लागला की लंगोट वाळत नाहीत, म्हणून घरोघरी डायपर वापरतात, आणि नेमकी त्यातच लघवीची मोजणी हरवते. चार दिवस तरी डायपरच्या आत सुती फडके ठेवा, म्हणजे किती वेळा ओले झाले ते समजेल.

वॉर्डात दूध येत नाही अशी तक्रार आली की मी प्रथम त्या आईला पाजताना पाहत असे. बहुतेक वेळा दूध असायचे, पण बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरून चोखत असायचे, आणि तसे चोखून दूध फारसे निघत नाही. सिझेरियनचे टाके दुखत असतील तर मुलीला मांडीवर आडवे घेण्याऐवजी उशीवर ठेवून काखेखालून धरा किंवा कुशीवर झोपून पाजा. तिचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावी, पोट तुमच्या अंगाला टेकलेले असावे आणि नाक स्तनाग्रासमोर यावे. स्तनाग्र तिच्या वरच्या ओठाला लावा, ती जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबा आणि मग तिलाच चटकन जवळ ओढून घ्या. आपण वाकून स्तन तोंडात कोंबू नका. नीट धरले असेल तर हनुवटी स्तनात रुतते, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचा खालच्या बाजूचा हिस्सा अधिक प्रमाणात तोंडात जातो, आणि थोड्याच वेळात गिळल्याचा आवाज येऊ लागतो. गालांना खळ्या पडणे, टकटक आवाज येणे, पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहणे किंवा स्तनाग्र चपटे होऊन बाहेर येणे, या चुकीच्या पकडीच्या खुणा आहेत. अशा वेळी ओढून सोडवू नका. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सारून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. तरीही दुखत राहिले किंवा चिरा पडल्या, तर डॉक्टरांना मुलीची जीभ खालून चिकटलेली नाही ना, हे पाहायला सांगा.

पकड सुधारल्यावर दूध वाढवण्याचा मुख्य उपाय म्हणजे स्तनांतून दूध वारंवार बाहेर पडणे. आत दूध साचून राहिले की ते बनण्याचा वेग मंदावतो, आणि वारंवार काढले की वाढतो. जन्माचे वजन परत येईपर्यंत दिवसा किंवा रात्री तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. मालीश आणि अंघोळीनंतर बाळ गाढ झोपते, आणि घरातील मंडळी म्हणतात, झोपू दे. पण या आठवड्यात तिला उठवून पाजा. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते, म्हणून आईला विश्रांती मिळावी या हेतूने रात्री बाटली देणे मायेचे असले तरी दुधासाठी अडचणीचे ठरते. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू द्या, ओढणे मंदावले की स्तन हलकेच दाबून धरा, आणि ती थांबल्यावर दहाएक मिनिटे हाताने दूध काढा. ते चमचाभर निघाले तरी स्वच्छ वाटीत घेऊन बोंडल्याने तिलाच पाजा. शक्य तेव्हा तिला उघड्या छातीवर घेऊन वर चादर पांघरा. परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

आता पावडरबद्दल. वजन वाढत नसेल तर बाळाचे पोट भरणे हे पहिले काम आहे, आणि वरचे दूध द्यावे लागणे यात आईचा कसलाही दोष नाही. प्रथम आपले काढलेले दूध द्या. ते पुरत नसेल तर डॉक्टर सांगतील त्या मापाने पावडरचे दूध द्या, तेही अंगावर पाजल्यानंतर, आणि बाटलीऐवजी उकळून घेतलेल्या बोंडल्याने किंवा चमच्याने. डब्यावर लिहिलेले माप बदलू नका. पावडर पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले तर वजन आणखी घटते. गाईचे किंवा म्हशीचे दूध, पाणी घातलेले असले तरी, या वयात देऊ नये. ज्या वेळी वरचे द्याल त्या वेळी स्तनातूनही दूध काढा, नाहीतर तेवढी मागणी शरीरापर्यंत पोहोचत नाही. निरोगी बाळाच्या घरी जाण्याच्या कागदावर पावडरचे नाव सरसकट लिहिण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. पावडरची जाहिरात करण्यास आणि मोफत नमुने वाटण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही तुमच्या घरच्यांना माहीत असावे.

मध मात्र एक वर्षापर्यंत अजिबात देऊ नका. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी आणि पाणीही नको, उन्हाळ्यातसुद्धा नको, कारण त्यांनी इवलेसे पोट भरते आणि दूध तेवढे कमी जाते. आजींशी वाद घालण्यापेक्षा मालीश, तुमचे जेवण आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोडे लांब ठेवणे ही कामे त्यांच्या हाती द्या. त्यांच्या शब्दाला घरात जो मान आहे त्याचा तुम्हाला इथे फार उपयोग होईल.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, बाळंतशेपा हे सगळे रुचत असेल तर जरूर खा. पण त्यांच्यामुळे दूध नक्की वाढते असा भक्कम पुरावा नाही, आणि पकड चुकलेली असताना लाडू काही करू शकत नाहीत. तुम्हाला या काळात रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी, दूध यांतून त्या सहज मिळतात. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे हा समज सोडून द्या आणि तहान लागेल तेवढे प्या. बंद खोलीत शेगडीचा धूर करू नका. दुधासाठी म्हणून कोणतेही औषध डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

काही मातांना दूध खरोखर कमी असते, आणि त्यांना केवळ धीर धरा म्हणणे हा अन्याय आहे. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, थायरॉइड किंवा मधुमेहाचा त्रास असेल, पूर्वी स्तनांची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपणात स्तनांत काहीच बदल जाणवला नसेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि तपासणी मागा. चिंतेने दूध आटते असे घरात बोलले जाते, ते तसे नाही. चिंतेमुळे पान्हा फुटायला वेळ लागतो, दूध नाहीसे होत नाही. रडू येणे दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखेच आहे.

मुलगी मलूल पडली, पाजायला उठवूनही उठेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, अंग तापले किंवा थंड पडले, लंगोटावर विटकरी डाग दिसले किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. तुमच्या स्तनात लाल, दुखरी गाठ येऊन ताप आला तरी पाजणे थांबवू नका आणि त्याच दिवशी औषध घ्या.

एक गोष्ट सीमेवरच्या लेकींसाठी महत्त्वाची आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. परंतु तुमची नोंद सासरी, महाराष्ट्रात आहे आणि तुम्ही आहात खानापुरात, त्यामुळे दोन्हीकडच्या यादीतून तुमचे नाव सुटण्याची शक्यता आहे. माहेरच्या गावातील आशाताईंना स्वतः निरोप पाठवा, कार्ड दाखवा आणि चौदाव्या दिवसाची भेट मागून घ्या. उद्याच्या वजनानंतर तीन दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन करा. वरचे दूध सुरू करावे लागले आणि आकडा नीट चढू लागला, तर डॉक्टरांना विचारून ते एकदम बंद न करता एकेक वेळेचे कमी करत जा, आणि प्रत्येक वेळी कमी केल्यावर वजन पाहून मगच पुढची वेळ कमी करा.