'बाधित', 'सक्रिय' आणि 'आजपर्यंत'

प्रश्न असा आला आहे: कोरोनाच्या बातम्यांत 'बाधित', 'रुग्ण' आणि 'सक्रिय रुग्ण' हे शब्द सरमिसळ वापरले जात. त्यांत नेमका फरक काय? आणि आकडे ऐकून घाबरलेली माणसं टीव्हीच बंद करत, त्यात या शब्दांचा काही वाटा होता का?

होता, पण या तीन शब्दांचा कमी. खरा घोळ 'आज', 'आजपर्यंत' आणि 'सध्या' या साध्या शब्दांनी केला.

आधी विचारलेल्या शब्दांबद्दल. 'बाधित' म्हणजे ज्याच्या चाचणीत संसर्ग आढळला तो. मग त्याला साधा खोकलाही नसेल. रोजच्या बोलण्यात आपण 'लागण झाली' म्हणतो, तेच हे. 'रुग्ण' म्हटलं की आजारी, उपचार घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. सरकारी पत्रकात मात्र लक्षणं नसलेले बाधितही रुग्णांतच मोजले जात. 'सक्रिय रुग्ण' हा शब्द मराठीला मानवत नाही. सक्रिय असतो तो कार्यकर्ता किंवा ज्वालामुखी. 'उपचाराधीन' किंवा सरळ 'सध्याचे रुग्ण' म्हणावं. हिशेब सोपा आहे: आजवरच्या एकूण बाधितांतून बरे झालेले आणि मरण पावलेले वजा केले की उरतात ते सध्याचे रुग्ण. महाराष्ट्राच्या तक्त्यात 'इतर कारणांमुळे झालेले मृत्यू' असा वेगळा रकाना असे. तो वजा करायचा राहिला की बेरीज जुळत नसे आणि 'आकडे लपवले' अशी कुजबुज सुरू होई.

आता 'आजपर्यंत'. राज्याच्या रोजच्या पत्रकात साधारण असं वाक्य असे: आजपर्यंत तपासलेल्या इतक्या नमुन्यांपैकी इतके टक्के पॉझिटिव्ह आले. ही टक्केवारी साथ सुरू झाल्यापासूनची. समजा, गेल्या आठवड्यापर्यंत ९३,००० चाचण्यांत ७,९०० बाधित सापडले, म्हणजे साडेआठ टक्के. या आठवड्यात ७,००० चाचण्यांत २,१०० सापडले, म्हणजे तीस टक्के. तरी 'आजपर्यंत'चा आकडा जेमतेम दहावर जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, फारसं बिघडलेलं नाही. लाट ओसरताना उलट होतं: परिस्थिती निवळलेली असते आणि आकडा मात्र वरच रेंगाळतो. जून २०२१मध्ये राज्याने निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा पहिल्या स्तरासाठी बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या, अशी अट होती. ते प्रमाण अलीकडच्या दिवसांचं, 'आजपर्यंत'चं नव्हे. दोन्हींना बातमीत एकच शब्द, 'पॉझिटिव्हिटी रेट'. मग गोंधळ व्हायचाच.

'आज'ची गत त्याहून वाईट. 'आज इतके मृत्यू' म्हणजे आज नोंदले गेलेले मृत्यू, आज झालेले नव्हेत. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पडताळणी करून १,३२८ जुने मृत्यू एकदम यादीत घातले. त्यांतले ८६२ मुंबईचे. ज्याने नुसता ठळक मथळा वाचला त्याला वाटलं, एका रात्रीत आकांत झाला. पुढे पत्रकातच खुलासा येऊ लागला: इतके मृत्यू मागच्या ४८ तासांतले, इतके मागच्या आठवड्यातले, उरलेले त्याआधीचे. हे वाक्य फार मोलाचं होतं, आणि बातमीत जागा कमी पडली की कात्री बहुधा यालाच लागे. सोमवारी बाधित कमी दिसत, कारण रविवारी चाचण्या कमी होत. म्हणून एका दिवसाचा आकडा घेऊ नये. सात दिवसांची सरासरी काढून आधीच्या सात दिवसांशी ताडून पाहावी.

बातम्या बंद करणाऱ्यांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. धास्ती वाटत असेल तर बातम्या कमी बघा, दिवसातून एकदा-दोनदा ठरावीक वेळी विश्वासू ठिकाणाहून माहिती घ्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२०मध्ये सांगितलं होतं. संध्याकाळचं पत्रक एकदा नीट वाचणाऱ्याला दिवसभर टीव्हीवरची सरकती पट्टी बघणाऱ्यापेक्षा जास्त कळत असे.

जाता जाता 'मृत्युदर'. लोकसंख्याशास्त्रात तो दर हजार लोकांमागे वर्षाला मोजतात. पत्रकातला मृत्युदर म्हणजे सापडलेल्या बाधितांपैकी किती टक्के दगावले तो. चाचण्या वाढून सौम्य लागण झालेले सापडू लागले की तो आपोआप खाली येतो, रोग तेवढाच घातक असला तरी. तिथे 'बाधितांमागे मृत्यूंचं प्रमाण' असं लिहावं; चार अक्षरं जास्त लागतील, पण अर्थ चुकणार नाही.